गढूळ पाण्यातील मासेमारी आणि आमिषाचा रंग

कृत्रिम आमिष म्हणजे लहान मासा, बेडूक किंवा किडा यांचा भास व्हावा अशा रीतीने लाकूड, धातू, रबर अथवा प्लास्टिकपासून बनवलेले, गळ जोडलेले साधन होय. इंग्रजी नावावरून त्यास 'लुअर' असेही म्हणतात. गांडूळ किंवा कणीक यांसारख्या खाद्य आमिषाला स्वतःचा वास असतो, तर कृत्रिम आमिषाची मदार मुख्यतः त्याचे रूप, हालचाल आणि कंप यांवर असते. त्यामुळे नदीचे पाणी गढूळ झाल्यावर आमिषाचा रंग कोणता असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पाण्यातील प्रकाश

स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल जातो. म्हणूनच काही मीटर खोलीवर तांबडी वस्तू काळपट दिसते. गढूळ नदीला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. मातीचे कण आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरलेली द्रव्ये निळा व जांभळा प्रकाश प्रथम नाहीसा करतात. एकूण उजेड झपाट्याने घटतो. जो उरतो त्यात पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांचे प्रमाण अधिक असते. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात हिरवा-पिवळा प्रकाश तुलनेने जास्त टिकतो.

याशिवाय तरंगणारे कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. धुक्यात दिव्याचा झोत टाकल्यास समोर पांढुरका पडदा दिसतो, तसाच प्रकार येथे घडतो. परिणामी वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतील भेद पुसट होतो.

माशांची दृष्टी

माशांच्या डोळ्यांत मंद उजेडासाठी दंडपेशी आणि रंगज्ञानासाठी शंकुपेशी असतात. गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या डोळ्यांत पॉर्फिरॉप्सिन हे रंगद्रव्य आढळते. ते जीवनसत्त्व अ-२ पासून तयार होते आणि त्यामुळे दृष्टीची संवेदनक्षमता तांबड्या टोकाकडे सरकते. १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांनी या द्रव्याचा अभ्यास केला होता.

उत्तर अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशाच्या शंकुपेशी सुमारे ५३५ व ६१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. इलिनॉय येथील संशोधकांच्या प्रयोगांत या माशांनी तांबडा व हिरवा रंग चांगला ओळखला. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र त्यांची गल्लत झाली. बाजारात लोकप्रिय असलेला पोपटी-पिवळा रंग अशा माशाला रंग म्हणून नव्हे, तर उजळपणामुळे जाणवत असावा, असा तर्क यावरून करता येतो. एका जातीवरील हा निष्कर्ष सर्व माशांना लावता येत नाही.

रंगाची निवड

गढूळ पाण्यात रंगाच्या नावापेक्षा पार्श्वभूमीशी असलेला विरोध अधिक उपयोगी ठरतो. सर्वसाधारण आडाखे पुढीलप्रमाणे आहेत :

- किंचित गढूळ पाणी व चांगला उजेड : पांढरा, पोपटी-पिवळा, नारिंगी, धातूच्या आमिषात सोनेरी किंवा तांब्याचा रंग.
- चहासारखे तपकिरी पाणी : नारिंगी, तांबडा, सोनेरी.
- अतिशय गढूळ पाणी, संध्याकाळ किंवा रात्र : काळा अथवा गडद रंग, उजळ व गडद पट्ट्यांचे आमिषही चालते.

गडद रंगाचे कारण सोपे आहे. खालून वर पाहणाऱ्या माशाला आमिष आकाशाच्या उजेडावर दिसते आणि तेथे काळी आकृती सर्वांत ठळक उठते. मरळ हवेतील प्राणवायू घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागावर येतो. त्याच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेडकाच्या आकाराच्या तरंगत्या आमिषाला हे तत्त्व विशेष लागू पडते.

प्रतिदीप्त रंग कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून ते मंद उजेडातही उठून दिसतात. मात्र ते स्वयंप्रकाशी नसतात; उजेडच पोहोचत नसेल तेथे त्यांचा लाभ नाही.

गढूळपणा मोजणे

इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी तबकडीचा वापर केला. आज गोड्या पाण्यात सामान्यतः २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची तबकडी वापरतात. तबकडी नसल्यास आमिषच दोरीने हळूहळू सोडून ते कोणत्या खोलीवर दिसेनासे होते हे पाहावे. त्याच ठिकाणी दोन-तीन रंग तपासले, तर तुलना हाती येते. ही तुलना माणसाच्या डोळ्यांची असते, हे लक्षात ठेवावे.

मर्यादा आणि खबरदारी

पाणी वीतभर अंतरावरचेही दिसणार नाही इतके गढूळ असेल, तर रंगाचा प्रभाव फारच थोडा उरतो. अशा वेळी मासे पाण्यातील कंप टिपणारी पार्श्वरेषा, तसेच गंध व स्पर्श यांवर विसंबतात. शिवड्यासारखे मिशा असलेले मासे याचे उदाहरण होत. म्हणून मोठे, कंप निर्माण करणारे आमिष संथपणे व काठालगत ओढणे रंग बदलत राहण्यापेक्षा हितावह असते.

महाराष्ट्रात नद्या सर्वाधिक गढूळ असतात तो पावसाळा अनेक माशांच्या विणीचाही काळ असतो. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध जाणारे 'चढणीचे मासे' बहुधा अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. ते पकडल्यास पुढील पिढीच खुंटते; त्यामुळे असा मासा गळाला लागल्यास त्याला इजा न करता सोडून देणे योग्य. धरणाखालच्या पात्रात विसर्गामुळे पाणी अचानक वाढते, याचेही भान ठेवणे आवश्यक आहे.