अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा औषध विमा : कमी हप्त्याचा प्लॅन शेवटी महाग का पडतो?

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या घरी विमा कंपनीचं एक पाकीट येतं. पुढच्या वर्षी प्लॅनमध्ये काय बदलणार, याची ती सूचना असते. अनेक जण ते न उघडताच कागदांच्या ढिगात ठेवून देतात. मग जानेवारीत फार्मसीच्या काउंटरवर कळतं की, नेहमीच्या गोळीचे पैसे वाढलेत किंवा ती गोळी प्लॅनमधूनच गेली आहे.

हे टाळायची संधी वर्षातून एकदा मिळते, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात. तेव्हा निवडलेला प्लॅन १ जानेवारीपासून लागू होतो. काहीच केलं नाही, तर बहुतेक वेळा जुनाच प्लॅन पुढे चालू राहतो, पण नव्या वर्षाच्या अटींवर.

पार्ट डी म्हणजे काय?

मेडिकेअर ही अमेरिकन सरकारची आरोग्य विमा योजना आहे. ती मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांसाठी त्यात २००६ पासून 'पार्ट डी' सुरू झाला. नियम सरकार ठरवतं, प्लॅन मात्र खासगी कंपन्या विकतात. त्यामुळे प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि औषधांची यादीही वेगळी.

मुलांकडे ग्रीन कार्डवर राहायला गेलेल्या मराठी आई-बाबांचाही याच्याशी संबंध येतो. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली आणि अमेरिकेत सलग ५ वर्षं वास्तव्य झालं की, त्यांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं.

फक्त हप्ता पाहिला तर कुठे चुकतं?

एक हिशोब करून बघू. समजा, 'अ' प्लॅनचा हप्ता महिन्याला १० डॉलर आहे, म्हणजे वर्षाला १२० डॉलर. पण त्यात रोजची एक गोळी महागड्या गटात आहे आणि वर्षभरात औषधांवर खिशातून १,१०० डॉलर जातात. एकूण खर्च १,२२० डॉलर.

'ब' प्लॅनचा हप्ता ४० डॉलर, म्हणजे वर्षाला ४८०. पण त्याच गोळ्यांसाठी खिशातून फक्त ३५० डॉलर जातात. एकूण ८३० डॉलर. हप्ता चौपट असूनही 'ब' प्लॅन ३९० डॉलरने स्वस्त पडला.

शेजाऱ्याच्या गोळ्या वेगळ्या असतील, तर त्याचं उत्तर अगदी उलटं येऊ शकतं. म्हणून दुसऱ्याचा प्लॅन पाहून आपला ठरवण्यात अर्थ नाही.

तुलना करताना काय पाहायचं?

१. यादी : आपलं प्रत्येक औषध, त्याच डोससह, प्लॅनच्या यादीत आहे का आणि कोणत्या गटात आहे? गट जितका वरचा, तितका साधारणपणे आपला वाटा जास्त.

२. डिडक्टिबल : प्लॅनची मदत सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम. २०२६ साठी ती जास्तीत जास्त ६१५ डॉलर असू शकते. काही प्लॅनमध्ये ती शून्य असते.

३. फार्मसी : अनेक प्लॅन ठरावीक दुकानांतच कमी दर देतात. घराजवळचं दुकान त्यात आहे का?

४. अटी : काही औषधांसाठी कंपनीची आधी परवानगी लागते किंवा आधी स्वस्त पर्याय वापरून पाहावा लागतो.

२,१०० डॉलरची मर्यादा आहे, मग काळजी कशाला?

२०२२ च्या कायद्यामुळे पार्ट डीमध्ये खिशातून होणाऱ्या खर्चावर मर्यादा आली. २०२५ मध्ये ती २,००० डॉलर होती, २०२६ साठी २,१०० डॉलर आहे. ती ओलांडली की वर्षभर यादीतल्या औषधांना पैसे पडत नाहीत. प्लॅनमध्ये असलेल्या इन्सुलिनसाठीही महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

पण या मर्यादेत मासिक हप्ता धरला जात नाही. साधारणपणे यादीबाहेरच्या औषधांचा खर्चही नाही. भारतातून आणलेल्या गोळ्यांचे पैसेही त्यात मोजले जात नाहीत, कारण पार्ट डी अमेरिकेबाहेरच्या खरेदीला लागू नाही.

'मी एकही गोळी घेत नाही' असं असेल तर?

पात्र झाल्यावर तितक्याच तोडीचा दुसरा औषध विमा नसताना सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले, तर पुढे पार्ट डी घेताना दंड लागतो. विम्याशिवाय गेलेल्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय मूळ हप्त्याच्या १ टक्का. २०२६ साठी हा मूळ हप्ता ३८.९९ डॉलर आहे. २० महिने उशीर झाला, तर दरमहा सुमारे ७.८० डॉलर जादा, तेही पार्ट डी असेपर्यंत.

सुरुवात कुठून करायची?

औषधांच्या बाटल्या समोर ठेवून नावं आणि डोस लिहून काढा. मेडिकेअरच्या सरकारी वेबसाइटवर ही यादी आणि आवडती फार्मसी टाकली की प्रत्येक प्लॅनचा वर्षाचा एकूण खर्च दिसतो. आधी तोच आकडा पाहा. इंग्रजीची किंवा कॉम्प्युटरची अडचण असेल, तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ला सेवा आहे. उत्पन्न कमी असेल, तर 'एक्स्ट्रा हेल्प' या सरकारी मदतीसाठी अर्ज करता येतो.

एक खबरदारी मात्र घ्या. जुन्या नोकरीतून मिळालेला विमा किंवा मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन असेल, तर आधी तिथे विचारा. वेगळा पार्ट डी घेतल्याने हातातला आरोग्य विमाच बंद होऊ शकतो.

आई-बाबा तिकडे असतील, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारा : ते पाकीट उघडलं का?