मद्रासच्या हवेचा हिशेब

मद्रास शहराला विमानाचे वेड तसे जुने. १९१० साली येथील द’आंजेलिस नावाच्या एका हॉटेलवाल्याने हौसेने बांधवून घेतलेले विमान उडवून दाखविले. १९३० साली येथे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांचे पहिले हवाई टपाल जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस आणल्यावर, ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचविण्याची कामगिरी त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी रेडिओच्या साहाय्याविना पार पाडली. तांबरम् येथे तर वायुदलाची अशी शाळा आहे, की जेथे वैमानिकांचे गुरुजीच घडविले जातात.

अशा या नगरीत नवशिक्याची पहिली फसगत होते ती जमिनीवरच. मीनंबाक्कमचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नासएक फूट उंच, तेव्हा येथील हवा दाट असणार असे कोणासही वाटावे. परंतु प्रमाण हवा १५ अंश सेल्सिअसची मानलेली असल्यामुळे, त्यावरील प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने, मे महिन्यातील ३८ अंशांच्या दुपारी विमान पावणेतीन हजार फुटांवर, म्हणजे पुण्याहूनही बऱ्याच उंच गावी, उभे असल्यासारखे वागते. धावपट्टी अधिक लागते, चढण मंदावते; म्हणून दोन मित्र आणि भरलेली टाकी घेऊन निघण्यापूर्वी विमानाच्या क्षमतेचे कोष्टक उघडून पाहणे भाग आहे.

दमटपणाचेही तसेच. टाकीत साचलेले पाणी तळातून थोडे इंधन काढून तपासावे, हे सर्वांस ठाऊक असते. पण पंचवीस-तीस अंशांच्या दमट हवेतही, उतरताना इंजिनाची शक्ती कमी केली असता, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, ही गोष्ट घामाने भिजलेल्या विद्यार्थ्याला सहसा पटत नाही. तेथे गरम हवा सोडण्याचा दांडा दिलेला असतो, तो वेळेवर ओढावा.

खरा घात मात्र उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर होतो. दुपारी समुद्रावरून सुटलेला वारा विमानाला मागून रेटू लागला, की वळण धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. मग ते सावरण्यासाठी विद्यार्थी विमान अधिक कलवितो, रडर दाबतो, आणि नाक खाली जाऊ नये म्हणून सुकाणूचा दांडा मागे ओढतो. उंची राखून ६० अंश कललेल्या विमानाच्या पंखांवर दुप्पट भार येतो, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि रडर जादा दाबलेले असल्यास स्टॉलबरोबर स्पिन, म्हणजे गिरक्या घेत कोसळणे, सुरू होते; त्यातून सावरण्याइतकी उंची तेथे शिल्लक नसते. रेषा हुकली तर कल ३० अंशांपलीकडे नेऊ नये, शक्ती वाढवून सरळ वर जावे व पुन्हा फेरी घ्यावी. यात मानहानी कसली, हे मला आजवर उमगलेले नाही. तरी पाहणाऱ्यांची लाज पुष्कळांस नडते.

खासगी परवान्यासाठी चाळीस तासांच्या उड्डाणाची नोंद दप्तरी असावी लागते, आणि या तासांतील बहुतेक उड्डाण डोळ्यांच्या भरवशावर होते. परंतु ऐन दिवाळीच्या सुमारास येथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, बंगालच्या उपसागरावर धूसर दिवशी पाणी व आकाश एकरूप होते, आणि क्षितिज हरपले म्हणजे कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सावकाश वळणाऱ्या विमानालाही सरळ जाणारे ठरविते. दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दिसावे, ढगांपासून आडवे १५०० मीटर व उभे ३०० मीटर अंतर राखावे, हा जाबता त्यासाठीच आहे. तरीही ढगात शिरणे घडलेच, तर बाहेर पाहणे सोडून कृत्रिम क्षितिजाच्या यंत्रावर नजर ठेवावी, पंख समतल करावेत, मग सेकंदाला तीन अंश या सौम्य गतीने वळावे. एका मिनिटात विमानाचे तोंड आल्या वाटेकडे होते.