मंदावलेला ब्राउझर : निदान आणि उपाय

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी साध्य होतील :

• ब्राउझर मंदावण्याची वेगवेगळी कारणे ओळखता येतील.
• घरच्या वा कार्यालयातील संगणकावर योग्य क्रमाने तपासणी करता येईल.
• माहिती न गमावता दुरुस्तीचे साधे उपाय योजता येतील.
• बिघाडाचे नेमके वर्णन मराठीत करता येईल.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला. त्यातील एखादी नोंद पाहायची, तर तेव्हा ग्रंथालय गाठावे लागे. आज तीच नोंद जत किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या गावात, रात्री जेवणे आटोपल्यावर, घरच्या संगणकावर वाचता येते. ज्या आज्ञावलीच्या आधारे ती आपल्या पडद्यावर येते, तिला आपण ब्राउझर म्हणतो. ‘न्याहाळक’ हा तिचा मराठी पर्याय. क्रोम, फायरफॉक्स, एज ही तिची परिचित रूपे.

दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याजवळ वेळ मोजका असतो. नोकरी, शेती, घरसंसार यांतून दिवसाकाठी दोन तास उरतात. त्यांतील अर्धा तास पान उघडण्याची वाट पाहण्यात गेला, तर तो अभ्यासातूनच वजा होतो. परीक्षा-अर्जाच्या अखेरच्या दिवशी हाच विलंब वर्ष वाया घालवू शकतो. म्हणून हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही.

३. ‘नेट स्लो आहे’ : एक वाक्य, अनेक अर्थ

बोलण्यात आपण प्रत्येक विलंबाला ‘नेट स्लो आहे’ असे म्हणतो. भाषेच्या अभ्यासकाने या वाक्याकडे जरा थांबून पाहावे. एकाच शब्दबंधाखाली निदान चार निराळे अनुभव येथे दडलेले असतात : पान यायलाच उशीर होतो, पान येते, पण सरकवताना अडखळते, ब्राउझर सुरू व्हायलाच वेळ लागतो, किंवा संगणकावरचे प्रत्येक काम मंदावलेले असते. या चारही अनुभवांची कारणे भिन्न आहेत आणि उपायही भिन्न. नाव चुकले की निदान चुकते. निदान चुकले की मनुष्य जोडणी बदलतो, नवा संगणक घेतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

४. पान आपल्यापर्यंत कसे येते?

सातारा-सांगली भागातील वाचकाला साखर कारखान्याचा हंगाम अपरिचित नाही. उसाची गाडी फडातून निघते, रस्त्याने कारखान्यावर येते, गाडीतळावर थांबते आणि मग गव्हाणीत रिकामी होते. गाळप खोळंबले, तर दोष रस्त्याचा असेल, गाडीतळ भरल्याचा असेल किंवा गव्हाणीपुढच्या यंत्राचा असेल. रस्ता मोकळा असताना तो रुंद करून गाळप वाढत नाही.

वेब-पानाचा प्रवासही असाच आहे. आपण पत्ता लिहितो. तो पत्ता कोणत्या सर्व्हरचा आहे, याचा शोध घेतला जातो. तेथून मजकूर, चित्रे, मांडणीचे नियम आणि पानावर चालणाऱ्या लहान आज्ञावली येतात. इंटरनेटची जोडणी हा रस्ता. आलेला माल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये उतरतो, ती गाडीतळ. प्रोसेसर त्या सामग्रीची मांडणी करून पान रंगवतो, ती गव्हाण. विलंब या तिन्हींपैकी कोठे होतो आहे, हे शोधणे म्हणजे निदान.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते : मराठी मजकुरामुळे पान जड होते का? युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘सातारा’ या शब्दात स, काना, त, काना, र, काना अशी ६ चिन्हे आहेत. म्हणजे १८ बाइट. ‘सांगली’चाही हिशेब तेवढाच. हजार शब्दांची नोंद सरासरी ६ चिन्हांच्या शब्दांनी बनली असे धरले, तर अंतरांसह ती १९,००० बाइटांच्या आसपास भरते. मोबाइलवर काढलेले ३ मेगाबाइटचे एकच छायाचित्र याच्या दीडशेपट असते. तेव्हा पान जड करतात ती चित्रे, चलत्-जाहिराती आणि आज्ञावली. आपली लिपी नव्हे. जुन्या, युनिकोडपूर्व पानांवर मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. तो फॉन्टचा प्रश्न आहे; वेगाशी त्याचा संबंध नाही.

५. निदानाच्या चार कसोट्या

पुढील कसोट्या याच क्रमाने लावाव्यात. प्रत्येक कसोटीत एकच गोष्ट बदलावी. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

(अ) दुसरे संकेतस्थळ उघडून पाहा. एकच स्थळ मंद असेल आणि बाकीची झटपट उघडत असतील, तर दोष बहुधा त्या स्थळाचा असतो. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी धाव घेतात, तेव्हा असे घडते. अशा वेळी आपल्या संगणकाची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा.

(आ) त्याच वाय-फायवर दुसरे यंत्र वापरून पाहा. मोबाइलवरही तीच रखडपट्टी असेल, तर दोष रस्त्याचा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा, संगणक त्याच्या जवळ न्यावा, शक्य असल्यास तार जोडून पाहावी. मोबाइलच्या डेटावर काम करत असाल, तर दिवसाची मर्यादा संपली आहे का, ते पाहावे. ती संपली की वेग एकदम उतरतो. डोंगराआडच्या गावात घराच्या एका खोलीत संकेत मिळतो आणि दुसरीत नाही, हेही लक्षात घ्यावे.

(इ) खाजगी खिडकी उघडून पाहा. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळी एकत्र दाबाव्यात. या खिडकीत जुना साठा वापरला जात नाही, आणि आपण वेगळी परवानगी दिलेली नसेल तर बहुतेक एक्स्टेंशनही चालत नाहीत. तेच पान येथे वेगाने उघडले, तर दोष एक्स्टेंशनमध्ये किंवा साठ्यात आहे, असे समजावे.

(ई) टास्क मॅनेजर पाहा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबले की प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांच्या वापराचे आकडे दिसतात. स्मृती सतत ९० टक्क्यांच्या वर असेल, तर गाडीतळ भरला आहे. डिस्क दीर्घकाळ १०० टक्क्यांवर असेल, तर दुसरीच एखादी आज्ञावली ती व्यापून बसली असण्याचा संभव असतो. क्रोमला स्वतःचाही टास्क मॅनेजर आहे. शिफ्ट आणि एस्केप दाबल्यावर कोणता टॅब वा कोणते एक्स्टेंशन किती स्मृती घेते, ते तेथे कळते.

६. उपाययोजना

६.१ टॅबची संख्या : २००८ साली आलेल्या क्रोमने टॅब स्वतंत्र प्रक्रियांत चालवण्याची पद्धत रूढ केली. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, हा तिचा लाभ. स्मृती अधिक लागते, हे तिचे मोल. ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर तीस टॅब उघडे ठेवणे म्हणजे गाडीतळावर जागा नसताना गाड्या बोलावत राहणे. ‘पुढे कधीतरी वाचू’ म्हणून उघडी ठेवलेली पाने बुकमार्क करून बंद करावीत. वापरात नसलेले टॅब निद्रिस्त करणारी सोय नव्या आवृत्त्यांत असते; ती चालू ठेवावी.

६.२ एक्स्टेंशन : ही ब्राउझरला जोडलेली लहान साधने. त्यांतील काही प्रत्येक पान उघडताना काम करतात. सर्व बंद करावीत, मग एकेक चालू करत वेग पाहावा. जे आपण जोडल्याचे आठवत नाही, ते प्रथम काढावे. मुखपृष्ठ आपोआप बदलत असेल, नको त्या जाहिराती उसळत असतील, तर संगणकाची विषाणू-तपासणीही करावी.

६.३ कॅशे : एकदा पाहिलेल्या पानाची चित्रे व अन्य भाग ब्राउझर डिस्कवर साठवून ठेवतो. पुढच्या खेपेस ते पुन्हा मागवावे लागू नयेत, हा त्याचा हेतू. म्हणजे कॅशे हा मुळात वेग वाढवणारा साठा आहे. तो रोज पुसणे ही स्वच्छता नसून आपल्याच हाताने कोठार रिकामे करणे होय. साठा बिघडल्याची शंका असेल, तेव्हाच तो पुसावा. एकाच पानाची तक्रार असेल, तर कंट्रोल आणि एफ ५ दाबून ते पान नव्याने मागवणे बहुधा पुरेसे होते. संपूर्ण साठा पुसायचा असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबावे व येणाऱ्या यादीतील केवळ कॅशेवर खूण ठेवावी. कुकी पुसल्या, तर सर्व स्थळांवरून तुम्ही बाहेर पडाल. पासवर्ड पुसले, तर परत मिळतीलच असे नाही.

६.४ अद्ययावत आवृत्ती : ब्राउझर आपोआप अद्ययावत होतो; मात्र ते काम पूर्ण होण्यासाठी तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो. संगणकाची मूळ प्रणाली फार जुनी असेल, तर नवी आवृत्ती मिळतच नाही. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ व ८.१ वर चालत नाहीत. येथे प्रश्न वेगाबरोबर सुरक्षिततेचाही असतो.

६.५ यंत्रातील सुधारणा : वरील सर्व करूनही संपूर्ण संगणकच मंद राहत असेल, तर स्मृती वाढवणे आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे, हे दोन उपाय नव्या संगणकाच्या तुलनेत पुष्कळ कमी खर्चाचे असतात. आपल्या यंत्रात ते शक्य आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.

७. सावधगिरी

• परीक्षा-अर्ज किंवा स्वाध्याय भरत असताना कोणतीही सफाई करू नका. आधी मजकूर स्वतंत्र फाइलमध्ये उतरवून ठेवा.
• कार्यालयातील संगणकावर संस्थेने बसवलेली एक्स्टेंशन व नियम स्वतःहून काढू नका, संबंधितांना कळवा.
• सामाईक संगणकावर पासवर्ड साठवू नका आणि काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडा.
• ‘तुमचा संगणक मंद आहे, या क्रमांकावर संपर्क साधा’ अशी सूचना पानावर झळकली, तर तो फसवणुकीचा प्रकार समजा. अनोळखी व्यक्तीस आपल्या संगणकाचा दूरस्थ ताबा देऊ नका. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. विलंब झाला की रक्कम रोखण्याची शक्यता घटत जाते.

८. बिघाडाचे वर्णन

स्वतःचे उपाय थकले की तंत्रज्ञाला सांगावे लागते. ‘काहीच चालत नाही’ या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कालपासून फक्त क्रोममध्ये पाने उघडायला सुमारे एक मिनिट लागते. त्याच वाय-फायवर मोबाइल व्यवस्थित चालतो. खाजगी खिडकीत वेग ठीक आहे. परवा एक नवे एक्स्टेंशन जोडले होते.’ केव्हापासून, कोठे, किती, कशात नाही आणि त्याआधी काय बदलले, या पाच प्रश्नांची उत्तरे येथे आली आहेत. यात एकही अवघड पारिभाषिक शब्द नाही, तरी निम्मे निदान झालेले आहे. व्यवहारातील गद्याचा हा उत्तम नमुना मानावा : नेमके, क्रमबद्ध आणि अनावश्यक विशेषणांपासून मुक्त.

९. सारांश

ब्राउझरचा मंदपणा जोडणी, स्मृती, प्रोसेसर, एक्स्टेंशन, साठा किंवा संकेतस्थळ यांपैकी कशातूनही उद्भवू शकतो. कसोट्या क्रमाने लावल्या, तर कारण सापडते. कारण सापडले, तर उपाय बहुतेक वेळा विनामूल्य असतो. पुसण्यापूर्वी जतन करावे आणि खर्चापूर्वी निदान करावे.

१०. स्वाध्याय

१. ‘कॅशे रोज पुसल्याने वेग वाढतो’ या समजुतीचे परीक्षण करा.
२. तुमच्या गावाच्या नावात देवनागरीची किती चिन्हे आहेत, ते मोजा आणि यूटीएफ-८ पद्धतीत त्याला किती बाइट लागतील, ते काढा.
३. तुमच्या घरच्या वा कार्यालयातील संगणकावर प्रकरण ५ मधील चार कसोट्या लावून निष्कर्ष एका तक्त्यात नोंदवा.
४. मंदावलेल्या ब्राउझरविषयी कार्यालयातील तंत्रज्ञास द्यावयाचे निवेदन सुमारे ८० शब्दांत लिहा.