पडद्यावरचा दुभाषी

• काम : शिक्षकांचे बोलणे इंटरनेटवरून ऐकून कर्णबधिर विद्यार्थ्याला खुणांतून सांगणे, त्याच्या खुणा वर्गाला बोलून दाखवणे. शिकवणे हे दुभाष्याचे काम नव्हे.

• भाषा : भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नाही. व्याकरण स्वतंत्र. प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. भुवया, ओठ, मानेची हालचाल यांनाही अर्थ असतो. म्हणून पडद्यावर केवळ हात दिसून भागत नाही.

• प्रशिक्षण : सांकेतिक भाषेच्या दुभाषी पदविकेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता. रायगड जिल्ह्यातल्यांना जवळची संस्था वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३).

• साधने : समोरून उजेड, साधी भिंत, अखंड इंटरनेट. रायगडमधल्या मुरूड-श्रीवर्धनच्या पावसाळ्यात वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर हवाच.

• कायदा : या कामाला आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा.