मिश्र कोंबड्यांची पारख : पीस, रंग आणि जात

बीबी व आसपासच्या गांवांत ज्याच्या दारीं दहा-वीस कोंबड्या आहेत, अशा शेतकऱ्यास "या कोणत्या जातीच्या?" म्हणून विचारल्यास "गांवरान" हेंच उत्तर बहुधा मिळतें. परंतु त्याच खुराड्यांत एक उघड्या मानेची, एक उलट्या पिसांची, एक पायांवर पिसें असलेली, तर एक अंगभर आडवे पट्टे असलेली, अशा नाना तऱ्हा दिसतात. वनराजा, गिरिराज वगैरे संकरित पक्षी आणि हौसेनें आणलेल्या परदेशी जाती यांचा गांवरानाशीं मिलाफ होऊन हा मेळा जमलेला आहे. हौशीपुरतें त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण पैसे मोजून पैदाशीचा पक्षी घ्यावयाचा झाला म्हणजे पारख नसल्यास नुकसान ठरलेलें.

प्रस्तुत लेखकानें ही फी भरलेली आहे. सेवानिवृत्तीनंतर एका विक्रेत्याकडून "अस्सल कडकनाथ" म्हणून वीस पिलें गांवरानाच्या दुपटीहून अधिक भावानें घेतलीं. पिलें काळीं होतीं, म्हणून संशय आला नाहीं. चार महिन्यांनीं नरांचे तुरे लाल झाले व पाय उजळले. तलंगा मात्र काळ्याच राहिल्या. हें कोडें कसें पडलें, त्याचा उलगडा पुढें होईल.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं पिसांचा रंग हा सर्वांत दुबळा पुरावा होय. सात-बारावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, तसाच हा प्रकार. पांढरी कोंबडी दिसली कीं आपण तिला लेगहॉर्न म्हणतों. परंतु लेगहॉर्नचा पांढरेपणा इतर रंगांस झांकणारा आहे, आणि त्याखालीं कोणताही रंग दडलेला असूं शकतो. उलट, कांहीं जातींचा पांढरेपणा संकराच्या पहिल्याच पिढींत लोपतो. म्हणून पाहणी तुऱ्यापासून सुरू करावी, आणि रंग शेवटीं पाहावा.

तुरा. करवतीच्या दात्यांसारखा एकेरी तुरा लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड व बहुतेक गांवरानांत आढळतो. बुटका, तीन रांगांचा, वाटाण्याच्या दाण्यांसारखा तुरा हें असील या झुंजार जातीचें लक्षण; त्याबरोबर उंच बांधा व ताठ मान असल्यास असीलाचें रक्त निश्चित समजावें. चपटा, बारीक फोडींचा तुरा निराळा, त्यास गुलाबतुरा म्हणतात. गुलाबतुरा व वाटाणातुरा यांच्या संकरांतून अक्रोडासारखा तिसराच तुरा उत्पन्न होतो. आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हें बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०२ सालीं कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखविलें.

कान व पाय. कानाची पाळी पांढरी असल्यास लेगहॉर्नसारख्या भूमध्यसागरी जातीचा अंश संभवतो, व अशी कोंबडी बहुधा पांढरीं अंडीं देते. पाळी लाल असल्यास अंडें बहुधा तपकिरी छटेचें. पायांवर पिसें असल्यास कोचीन किंवा ब्रह्मा यांचा संबंध शोधावा. चारांऐवजीं पांच बोटें असून पिसें रेशमासारखीं मऊ असतील, तर तो सिल्की होय. पिवळ्या पायांविषयीं एक मौजेची गोष्ट अशी, कीं हा गुण मूळच्या तांबड्या रानकोंबड्याचा नसून आपल्या सह्याद्रींतील करड्या रानकोंबड्यापासून आला असावा, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

पीस. उघडी मान व उलटें पीस हे गुण एकाच बाजूच्या आईबापाकडून आले तरी प्रकट होतात. मान पूर्ण उघडी असेल तर गुण दोन्हीं बाजूंनीं आला. मानेच्या पुढील बाजूस पिसांचा झुपका असेल तर एकाच बाजूनें. अशा पक्ष्यास पिसें कमी असल्यानें आपल्याकडील उन्हाळा तो अधिक सोसतो. म्हणून त्यास कुरूप समजून काढून टाकूं नये. उलट्या पिसांचे नर-मादी मात्र एकत्र जोडूं नयेत. सुमारें चौथा हिस्सा पिलें ठिसूळ पिसांचीं, जवळजवळ उघडीं निपजतात. रेशमी पीस मात्र पहिल्या संकरांत दिसतच नाहीं. तें लपून राहतें व पुढील पिढींत अकस्मात् उमटतें.

आतां कडकनाथाचें कोडें. मध्य प्रदेशांतील झाबुआ भागांतील ही जात. तिला २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. हिचें कातडें, मांस व हाडांवरील आवरण काळें असतें. तुरा व जीभही काळपट किंवा जांभळट. रक्त लालच असतें, आणि अंडें फिकट बदामी असतें. काळें अंडें दाखविणारा ठकवीत आहे असें खुशाल समजावें. आतां कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची साधी कोंबडी यांचा संकर केला, तर काळेपणास अटकाव करणारा गुण आईकडून केवळ नरांत उतरतो. यामुळें मुली काळ्या व मुलगे फिके निपजतात. माझ्या पिलांचें नेमकें हेंच झालें होतें. अर्थात् केवळ काळ्या माद्या दाखवून कोणी पैसे मागितल्यास, त्यांचे भाऊ व आईबाप पाहिल्यावांचून देऊं नयेत. २०१९ सालीं इस्लामपूर येथें कडकनाथाच्या नांवावर असंख्य शेतकऱ्यांची रक्कम बुडाली. तेथें प्रश्न जातीपेक्षां कराराचा होता हें खरें, पण मोहाचें मूळ एकच.

शेवटीं व्यवहाराच्या दोन सूचना. जात राखावयाची असल्यास निवडलेल्या माद्या इतर कोंबड्यांपासून वेगळ्या ठेवून तीन आठवडे लोटल्यावरच उबवणीचीं अंडीं गोळा करावींत. कारण कोंबडीच्या पोटांत आधीच्या नराचें बीज दोन-तीन आठवडे टिकतें. दुसरें, वनराजा-गिरिराजांचीं अंडीं घरीं उबवून त्याच गुणांचीं पिलें मिळतील अशी आशा धरूं नये. तीं संकरित असल्यानें दुसऱ्या पिढींत गुण विखुरतात. पायांत खुणेचें कडें घालावें, वहींत आईबापांची नोंद ठेवावी. नोंद नसलेली जमीन आणि वंश न कळलेला कोंबडा, दोन्हींचा व्यवहार शेवटीं तंट्यासच जातो.