दोन साष्टी, एक व्हायोलिन

मुंबईतल्या मरोळच्या गावठाणात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरचं लग्न असलं की आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायला माणसं विहिरीवर निघतात. लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी आणि सोबत बँड. बोली मराठी, वाद्यं युरोपातली. पंधरा पावलांवर मेट्रोचा खांब असतो, तरी त्या कॉर्नेटच्या सुरानं मला दर वेळी जागीच थांबवलं आहे. हे सूर इथं आले कुठून?

उत्तराचं एक टोक सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहे. तिथं, कोंडिविट्याला, जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च बांधलं. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगानं गाव उठलं, चर्च मरोळला आलं आणि जुन्या भिंती तिथंच राहिल्या. मरोळ हे साष्टी बेटातलं गाव. गोव्यातही साष्टी आहे, मडगावच्या आसपासचा तालुका. एकाच नावाच्या या दोन मुलखांत पाद्र्यांनी प्रार्थनेसोबत कागदावर लिहिलेलं संगीत आणलं. आपली साष्टी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, वसई पडण्याच्या दोन वर्षं आधी, १७३७ साली पोर्तुगिजांच्या हातून गेली. गोव्याची १९६१पर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्यामुळे चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला लावणारा, व्हायोलिन हातात देणारा ‘मेस्त’ तिथं विसाव्या शतकातही होता.

अशाच एका मेस्ताच्या घरी, गोव्याच्या साष्टीतल्या माजोर्ड्याला, १९२७ साली अँथनी गोन्साल्विस जन्मले. १९४३मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी, ते मुंबईत संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर झाले. हिंदी चित्रपटाचं ते कारखान्याचं युग होतं. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती स्वरलिपीत उतरवून कोणी कुठे काय वाजवायचं हे लिहिण्याचं काम बहुतेक वेळा एखादा गोंयकार करी. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं. गोन्साल्विस शिकवतही असत. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे पुढचे संगीतकार त्यांचे शिष्य.

पण गोन्साल्विसांना स्वतःचं लिहायचं होतं. सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी आणि रागांमधून. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. एकशेदहा वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे, आणि जागा सेंट झेवियर्स कॉलेजचं आवार. ‘सोनाटिना इंडियाना’, राग सारंगमधला कॉन्चेर्टो, तोडी थाटातला कॉन्चेर्टो ही त्यांची कामं.

हे किती अवघड आहे ते पेटीवर करून पाहावं. वृंदावनी सारंगात गंधार नाही, धैवत नाही. युरोपीय संगीताचा पाया असलेली सुरांची जुडी, म्हणजे कॉर्ड, षड्जावर बांधायची तर सा-ग-प लागतात. ‘ग’ काढला की सा आणि प उरतात, तानपुऱ्यासारखे. जुडी हर्षाची की विषादाची हे गंधारच ठरवतो आणि सारंग तर त्याला दारातही उभा करत नाही. ‘ग’ घातला तर राग मोडतो, वगळला तर एकशेदहा वादकांना द्यायचं काय? तोडीत कोमल गंधार मिळतो, पण तिथं पंचम जपून लावायचा. या पेचात स्वतःहून शिरणारा माणूस नुसता अरेंजर नसतो. तो रचनाकार असतो, आणि आपण त्याला तसं म्हणायला हवं.

अशा रचनाकारांचं पोट स्वतःच्या रचनांवर सहसा भरत नाही. स्टॉकहोमचा फ्रान्झ बेरवाल्ड (१७९६–१८६८) आज स्वीडनचा सर्वांत मौलिक सिंफनीकार मानला जातो. त्यानं बर्लिनमध्ये हाडांच्या व्यंगावर उपचार करणारी संस्था चालवली, नंतर उत्तर स्वीडनमधल्या काचकारखान्याचा व्यवस्थापक झाला. चार सिंफनी लिहिल्या, हयातीत वाजली एक, १८४३ साली. गोन्साल्विसांसाठी हिंदी सिनेमा हाच काचकारखाना होता.

१९६५ साली ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाच्या फेलोशिपवर गेले. परत आल्यावर चित्रपटात रमले नाहीत, माजोर्ड्याला जाऊन राहिले. १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. तेव्हापासून ते नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे, हातात छत्री घेऊन आणि डोक्यावर टोपी घालून अंड्यातून बाहेर पडणारा नायक म्हणून. गुरुदक्षिणा मनापासूनची होती, यात शंका नाही. पण सारंगचा कॉन्चेर्टो त्या नावाखाली झाकला गेला, याचं मला फार वाईट वाटतं. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस वारले.

मरोळ, वांद्रे, वसई, माजोर्डा इथल्या जुन्या घरांत अजून पत्र्याच्या ट्रंका असतील. त्यात पाच-पाच रेघांचे पिवळे पडलेले कागद निघाले, तर कृपा करून ते रद्दीत घालू नका. संगीत वाचणाऱ्या कुणालातरी आधी दाखवा. बेरवाल्डनं ‘सिंफनी सँग्युलिएर’ १८४५ साली लिहिली. कागद टिकले, म्हणून १९०५ साली ती पहिल्यांदा वाजली.