पडीक जमिनीचा धनी

मंडालेचे नाव मराठी माणसाला परके नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळातील कारावास तेथेच भोगला. परंतु त्या तुरुंगाच्या भिंतीपलीकडे, इरावतीच्या काठी भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

कथेचा आरंभ सद्हेतूने झाला. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले आणि दक्षिण ब्रह्मदेशाच्या प्रमुख भातप्रदेशातील जवळजवळ चतुर्थांश जमीन चेट्टियार सावकारांच्या हाती गेली. म्हणून १९४७ च्या घटनेने सर्व जमिनीची अंतिम मालकी शासनाकडे सोपविली. कुळाला सावकाराच्या पाशातून सोडवावे, हा उद्देश. पण जो धनी सावकाराला दूर सारू शकतो, तो कुळालाही दूर सारू शकतो. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि हा धनी शस्त्रधारी झाला.

मग शेतकऱ्याला ठराविक भात सरकारने ठरविलेल्या कमी भावाने घालावे लागे; ते न घालणाऱ्याच्या जमिनीवर गदा येई. ही सक्ती २००३ साली उठली. सीमेवरील डोंगराळ मुलखात याहून कठोर नीती होती. बंडखोरांचे अन्न, पैसा, बातमी आणि माणसे हे चार आधार तोडावयाचे, आणि त्यासाठी गावेच उठवावयाची! ठरलेल्या दिवशी लष्करी तळाजवळ राहावयास या; मागे राहील तो शत्रू, असा हुकूम निघे. १९९६ ते १९९८ या काळात मध्य शान प्रांतातील चौदाशेहून अधिक गावे आणि तीन लक्षांहून अधिक माणसे अशी उठविली गेली, असे मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी नोंदविले आहे. कालचे कितीतरी जमीनधारक थायलंडमध्ये मजूर झाले.

बंदुकीचे काम कधी कधी एखादा शब्दही करतो. डोंगरातील शेतकरी एक तुकडा कसतो आणि दुसरा काही वर्षे पड टाकतो. जमिनीला विसावा देण्याची ही रीत आपल्या कोकणालाही ठाऊक आहे. २०१२ च्या कायद्याने अशी जमीन ‘रिकामी व पडीक’ म्हणून कंपन्यांना देता येऊ लागली. २०१८ च्या दुरुस्तीने तर परवान्यावाचून ती कसणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. आजोबांनी तोडलेल्या रानात नातू अतिक्रमक ठरला!

मध्यंतरी, २०१२ मध्ये, संसदेने हिरावलेल्या जमिनींच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि काही जमिनी परतही मिळाल्या. परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. त्यानंतरच्या संघर्षात तीस लक्षांहून अधिक लोक बेघर झाले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. कसेल त्याला जमीन, एवढे म्हटल्याने शेतकरी सुरक्षित होत नाही. ती जमीन उद्या कोणी काढून घेऊ लागला, तर त्याला जाब विचारता येईल असे न्यायपीठही त्याच्या पाठीशी असावे लागते.